कूटचा वेढा, हिवाळा १९१५-१६: घोड्याचं मांस आणि गावाची भीती

पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेला आपल्याकडच्या जुन्या लोकांनी एकाच शब्दात बसवलं होतं: बसरा. 'आजा बसऱ्याला गेला' एवढंच घरात सांगितलं जाई. तो प्रत्यक्षात कुठे होता, काय खात होता, कशाला घाबरत होता, हे सहसा कुणाला ठाऊक नसे. या प्रकरणात त्यातल्या एकाच हिवाळ्यातला एकच पेच घेतला आहे. यात कुणा एका शिपायाचं नाव नाही. कूटमध्ये अडकलेल्या तीन मराठा पलटणींतला तो कुणीही असू शकतो, म्हणून मी त्याला नुसतं 'शिपाई' म्हणतो.

पार्श्वभूमी

सहावी डिव्हिजन म्हणजे पुणे डिव्हिजन. मेजर जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली ती १९१५ साली तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेली. २२ नोव्हेंबरला सलमान पाक इथे तुर्की फौजेशी गाठ पडली आणि डिव्हिजनचं कंबरडंच मोडलं. मेलेले आणि जखमी मिळून जवळजवळ साडेचार हजार माणसं गेली. उरलेली फौज माघार घेत ३ डिसेंबरला कूट-अल-अमारा या गावात शिरली. नदीने तिन्ही बाजूंनी वळसा घातलेलं हे गाव. ६ डिसेंबरला घोडदळ बाहेर काढून दिलं आणि लगेच वेढा आवळला गेला. तो सुटला २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागतीने.

डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा, ११० वी मराठा आणि ११७ वी मराठा अशा तीन पलटणी होत्या. भरती मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा भागातली. बहुतेक मराठे, सोबत दख्खनी मुसलमान. पगार महिना ११ रुपये, लढाईवरचा भत्ता वेगळा. त्यातला मोठा हिस्सा घरी जाई आणि त्यावर घरची देणी, बैलजोडी, बहिणीचं लग्न असं सगळं अवलंबून असे.

मेसोपोटेमिया म्हटलं की उन्हाळाच आठवतो. पण तिथला हिवाळा वाईट असतो तो ओलाव्याने. रात्री पारा गोठण्याच्या जवळ उतरतो आणि वर पाऊस. गाळाची जमीन पाण्याने लोण्यासारखी होते, खंदकाची भिंत धरत नाही. माघारीच्या धावपळीत पुष्कळांचं सामान मागे राहिलेलं, घोंगड्या अपुऱ्या. २४ डिसेंबरला तुर्कांनी ईशान्येच्या गढीवर मोठा हल्ला चढवला. १०३ वी मराठा ज्या १७ व्या ब्रिगेडमध्ये होती, तिने तो हातघाईवर येऊन परतवला. ११० वी पलटण नदीच्या पलीकडच्या काठावर, लोकर दाबायच्या कारखान्याभोवतीच्या वस्तीत होती. मुख्य गावाशी त्यांचा संबंध होडीपुरताच. २१ जानेवारीला तैग्रिसला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याखाली गेले. दोन्ही सैन्यांना मागे सरकावं लागलं. वेढणारे आणि वेढलेले दोघेही थोडा वेळ गोळीबार सोडून चिखल उपसत होते.

टपाल बंद. बाहेरच्या जगाशी बोलायला बिनतारी यंत्र होतं, पण ते सेनापतीच्या कामाचं. क्वचित एखादं विमान येऊन काही टाकून जाई. घरून पत्र नाही, घरी पत्र नाही, आणि मनात मात्र घरचं पंचांग चालूच. संक्रांत आली ती सुटकेसाठी निघालेल्या फौजेच्या दोन अपयशी लढायांच्या मधोमध. कोकणातला माणूस वर्षभर कुठेही असो, शिमग्याला घरी असतो, पालखी खांद्यावर घेतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शिमगा आला तेव्हा सुटकेच्या फौजेला दुजैलाची लढाई हरून काहीच दिवस झाले होते आणि सुटकेची आशा जवळजवळ संपली होती. पाडवा गेला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, रिकाम्या पोटी.

अडचण

रसद मोजण्यापासूनच गोंधळ झाला. वेढा पडताना गावातल्या कोठारांचा आणि घरांचा नीट झाडा घेतला गेला नाही. टाऊनशेंडने बाहेर कळवलेला धान्याचा अंदाज कमी निघाला. जानेवारीत घराघरांत शोध घेतल्यावर बरंच धान्य सापडलं, पण तोवर त्या पहिल्या अंदाजावर विसंबून सुटकेची फौज अर्धवट तयारीने, घाईघाईने लढायला उतरली होती आणि शेख साद, वादी, हन्ना इथे एकामागून एक मार खाऊन बसली होती.

मग जानेवारीच्या अखेरीस जनावरं मारायला सुरुवात झाली. तोफा ओढणारे घोडे, ओझ्याची खेचरं. यात दुहेरी फायदा होता: मांस मिळे, आणि त्या जनावरांच्या तोंडी जाणारा सातू माणसांसाठी वाचे. गोऱ्या पलटणी नाक मुरडत का होईना, खाऊ लागल्या. भारतीय पलटणींनी नकार दिला. हिंदूंनी दिला, मुसलमानांनी दिला, मराठ्यांनीही दिला.

मराठा शिपाई काही शाकाहारी नव्हता. बकरं, कोंबडी, शिकार सगळं चाले. मग घोड्याचंच काय? खंडोबा ज्याचं कुलदैवत, त्याच्यासाठी घोडा म्हणजे देवाचं वाहन. दसऱ्याला त्याला ओवाळायचं, झूल घालायची. पण मला वाटतं खरी अडचण देवापेक्षा भावकीची होती. अधिकाऱ्यांच्या लिखाणात शिपायांची भीती स्पष्ट दिसते: हे खाल्लं तर गावी गेल्यावर कुणी पंगतीला घेणार नाही, पोरींची लग्नं होणार नाहीत. रोटी-बेटी व्यवहार तुटणं म्हणजे काय, हे त्या काळच्या खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे. वाळीत पडलेल्या घराला विहीर बंद, न्हावी बंद, मयताला खांदेकरी नाहीत. आणि शिक्षा भोगणार कोण? शिपायाची बायको, आई, मुली. त्याला आपल्या पोटापुरता निर्णय घ्यायचाच नव्हता. हजारो मैलांवरच्या एका अंगणासाठी तो निर्णय घेत होता, आणि त्या अंगणाला विचारायची सोय नव्हती.

चुलीचाही प्रश्न होता. पलटणीत ज्याच्या त्याच्या जातीची चूल वेगळी असे. दहा जणांच्या चुलीवर एकाने खायचं ठरवलं तरी भांडं एकच. म्हणजे एकट्याने गुपचूप खाणं शक्यच नव्हतं.

न खाणाऱ्याच्या वाट्याला काय येत होतं तेही जवळून पाहायला हवं. डाळ संपली, तूप संपत आलं, आट्यात सातूचं पीठ मिसळू लागलं आणि पुढे सातूच जास्त झाला. दळायला पुरेशी जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. सातूच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. नुसत्या गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फुटतात, उचलताना भाकरी हातातच मोडते. ती धड व्हायची तर उकड काढावी लागते. उकडीला आधण हवं आणि आधणाला जळण. जळण तर अन्नाहून दुर्मिळ, घरांची दारं-तुळया काढून जाळायची वेळ आलेली. म्हणजे मिळालेलं पीठही पुष्कळदा कच्चं-पक्कं पोटात जाई आणि हगवण लागे. भूक मारायला काही जण अफूच्या गोळ्या घेत.

यावर स्कर्व्ही आली. हिरड्या सुजतात, रक्त येतं, सांधे आखडतात, जुनी जखम पुन्हा उघडते. ताज्या भाज्या, फळं किंवा ताजं मांस पोटात गेलं नाही की हे होतं. कूटच्या इस्पितळात दोन आजार वाटून घेतल्यासारखे दिसत होते. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, म्हणजे कोंडा काढलेल्या धान्यावर राहिल्याने हातपाय बधिर करणारा आजार, होत होता, कारण त्यांचा पाव सपीटाचा. भारतीयांना कोंड्यासकट आटा आणि सातू मिळत असल्याने बेरीबेरी जवळजवळ नव्हता, पण घोड्याचं ताजं मांस न खाल्ल्याने स्कर्व्ही त्यांनाच ग्रासत होती.

पर्याय काय होते

टाऊनशेंडपुढे पहिला पर्याय सरळ हुकमाचा. तो त्याने जानेवारीत घेतला नाही, आणि कारण समजण्यासारखं आहे. १८५७ ची आठवण प्रत्येक गोऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात असे. त्यात तुर्क तारांच्या कुंपणापाशी भारतीय भाषांतली पत्रकं टाकत होते: गोऱ्यांना सोडा, आमच्याकडे या. अशा वेळी धर्म बाटवल्याचा ओरडा झाला असता तर वेढा आतूनच फुटला असता.

दुसरा पर्याय, ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडणं. तिसरा, हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवणं. चौथा, आधी सुभेदार-जमादारांना विश्वासात घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर पहिला घास घ्यावा असं पाहणं. पाचवा, माझ्या मते खरा, पण माझ्या वाचनात तरी कुणी गंभीरपणे मांडलेला दिसत नाही: थेट गावाकडून शब्द मिळवणं.

शिपायापुढचे पर्याय थोडेच. खाणं, न खाणं, किंवा रानातला पाला खुडून वेळ मारून नेणं. हा तिसरा पर्याय बऱ्याच जणांनी घेतला. आपल्याकडे घोळ, चाकवत, तांदुळजा खुडायची सवय असलेल्या माणसाला परक्या मातीतही खाण्याजोगं काय ते हुडकता येतं. पावसानंतर उगवलेला कोवळा पाला गोळा करून शिजवला जाई. छावणीत भाजीचं बीही पेरलं गेलं. त्याने स्कर्व्ही थोडी रोखली. पुरून उरण्याइतका पाला मात्र वेढ्याच्या आत नव्हता, आणि कुंपणापलीकडे खुडायला जाणं म्हणजे गोळी.

काय केलं गेलं

जानेवारीअखेर निर्णय झाला तो मर्जीचा. ज्याला खायचं त्याने खावं, सक्ती नाही. कागदावर हे उदार दिसतं. माझ्या मते या प्रकरणातली पहिली मोठी चूक इथेच झाली. जो प्रश्न भावकीचा, तो एकेका माणसाच्या गळ्यात टाकला गेला. 'तुझ्या मर्जीने खा' याचा शिपायाच्या कानी पडणारा अर्थ असा की उद्या गावात पंच विचारतील तेव्हा 'मी माझ्या मर्जीने खाल्लं' हेच उत्तर द्यावं लागेल. ते उत्तर द्यायची कुणाची हिंमत होणार?

पुढच्या काही आठवड्यांत हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती तारेने आली. संकटात प्राण वाचवायला असं अन्न चालतं, हिंदूलाही आणि मुसलमानालाही. ती पलटणींना सांगितली गेली. फरक पडला तो नाममात्र. अधिकाऱ्यांना याचं नवल वाटलं, मला वाटत नाही. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला वाळीत टाकायचं की नाही हे दिल्लीत ठरत नाही. ते ठरतं चावडीवर, पाटील आणि पाच-सात म्हाताऱ्यांच्या बैठकीत. बाहेरच्या शास्त्र्याचा निवाडा तिथे चालेलच याची शिपायाला खात्री नव्हती आणि ती नसणं बरोबरच होतं.

मार्च गेला. १० एप्रिलच्या सुमारास रोजचं पीठ ५ औंसांवर, म्हणजे साधारण १४० ग्रॅमवर आलं. लढाईवरच्या भारतीय शिपायाचा नेहमीचा आटा दीड पौंड, जवळजवळ ६८० ग्रॅम असे. आता दिवसाला दोन लहान भाकऱ्या. त्याच वेळी टाऊनशेंडने सूर बदलला. जे देशी अंमलदार मांस खाणार नाहीत, त्यांच्या जागी खाणारे नेमले जातील, असं त्याने जाहीर केलं.

आणि मग जे अडीच महिन्यांत झालं नव्हतं ते काही दिवसांत झालं. हजारो भारतीय शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले.

हा या प्रकरणातला सगळ्यात विचार करायला लावणारा क्षण. धमकीला भिऊन खाल्लं असं म्हणून सोडून देता येईल. भूक तर होतीच. पण खंदकात हिवाळा काढलेली, सलमान पाक आणि गढीचा हल्ला पाहिलेली माणसं हुद्दा जाण्याच्या भीतीने इतकी एकदम वळली, हे मला पटत नाही. त्या जाहीरनाम्याने दोन गोष्टी साधल्या. 'सरकारी हुकूम होता' हे उत्तर शिपायाच्या हाती आलं, जे चावडीवर सांगता येतं. आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात खाल्लं, त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवायला कुणी उरलं नाही. एकाच तालुक्यातले पन्नास जण एकत्र बाटले तर पंचायत कुणाकुणाला वाळीत टाकणार?

परिणाम

उशीर झाला होता. एप्रिलच्या मध्यापासून विमानांनी पिठाची पोती टाकली. हवेतून फौज जगवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न, पण एवढ्या तोंडांना ते पुरणारं नव्हतं. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद घेऊन निघालेली 'जुलनार' ही आगबोट तुर्कांनी अडवली. २९ एप्रिलला कूट पडलं. सुटकेच्या फौजेचे सुमारे २३ हजार मृत आणि जखमी झाले होते, आत अडकलेल्यांच्या दीडपटीहून जास्त.

खाण्याचा उशीर सगळ्यात महाग पडला तो शरणागतीनंतर. कैद्यांना बगदादकडे आणि पुढे वाळवंटातून रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर हाकलण्यात आलं. त्या चालीत टिकायला अंगात जे लागतं ते स्कर्व्हीने आधीच खाल्लं होतं. साध्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले, भारतीयही हजारोंनी गेले. टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिला. पुढे आठवणी लिहिताना त्याने भारतीय शिपायांच्या नकारावर बराच ठपका ठेवला. १९१७ साली या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. तिन्ही मराठा पलटणी नव्याने उभ्या करण्यात आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

भारतीयांनी जानेवारीपासून मांस खाल्लं असतं तर कूट वाचलं असतं का? सुटकेची फौज पोचलीच नाही, त्यामुळे धान्य काही आठवडे जास्त पुरलं असतं तरी शेवट बहुधा तोच झाला असता. पण मे महिन्यात चालायला निघालेला माणूस अधिक धट्टाकट्टा असता, आणि त्यातले कित्येक घरी परतले असते. म्हणून या निर्णयाचं मोल मी कूट पडण्या-न पडण्याने करत नाही.

जानेवारीअखेर ते १० एप्रिल म्हणजे दहा आठवडे. बिनतारी संदेश बसऱ्याला आणि तिथून मुंबईला तारेने पोचायला फार वेळ लागत नव्हता. सातारा-रत्नागिरीत मामलेदार होते, पाटील होते, आणि गावोगावी पेन्शनर सुभेदार होते, ज्यांचा शब्द गावात चाले. भरतीची दवंडी पिटायला हीच यंत्रणा सरकार रोज वापरत होतं. तिच्याच मार्फत चावडीवर प्रश्न ठेवता आला असता: तुमची पोरं अडकली आहेत, हे खाल्ल्याशिवाय जगणार नाहीत, परत आल्यावर त्यांना पंगतीत घ्याल का? शंभर गावांतल्या पंचांचा होकार नावानिशी पलटणीत वाचून दाखवला असता तर त्याचं वजन धर्मगुरूंच्या अनुमतीपेक्षा कितीतरी जास्त असतं. काही गावं नाही म्हणाली असती हेही खरं. पण सूनबाई आणि नातवंडं डोळ्यांसमोर असलेली म्हातारी माणसं बहुतेक हो म्हणाली असती, असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांसारख्या, मराठ्यांनी ज्याचं ऐकलंच असतं अशा माणसाचा शब्द फेब्रुवारीत खंदकापर्यंत पोचला असता, तर मार्च वेगळा गेला असता.

हुकूमही आधी देता आला असता, पण तो एप्रिलसारखा धमकीचा नको होता. आधी सुभेदार-जमादारांना बसवून धान्याचा खरा आकडा दाखवायचा, मग त्यांच्याच तोंडून, एका दिवशी, सगळ्या पलटणींना एकदम. जबाबदारी सेनापतीने लेखी स्वतःकडे घ्यायची आणि प्रत्येक शिपायाला तसा कागद द्यायचा, गावी दाखवण्यासाठी.

इस्पितळाचाही उपयोग करायचा राहिला. हिरड्या सुजलेले भारतीय आणि त्यातून सुटलेले गोरे एकाच गावात होते. मांस खाणाऱ्यांना स्कर्व्ही होत नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. देशी अंमलदारांना फेब्रुवारीतच त्या खोल्यांमधून फिरवून आणता आलं असतं, आणि कोणता आजार कुणाला का होतो हे त्यांनी आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगितलं असतं.